भूखंड सरकतात म्हणणारा माणूस : आल्फ्रेड वेगेनर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. टिळक झाले, आगरकर झाले, सावित्रीबाई झाल्या, विश्वेश्वरय्याही झाले. यंदा सचिवांनी ही जबाबदारी माझ्यावर टाकली, तेव्हा मी एका जर्मन माणसाचे नाव सांगितले. गणपतीच्या स्मरणिकेत जर्मन कशाला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण त्यांनी अडवले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

या निवडीला कारण आहे. विशाखापट्टणमला राहणारी आपण मराठी माणसे रोज दोन गोष्टी पाहतो : समोर बंगालचा उपसागर आणि पाठीशी पूर्व घाट. यातला पूर्व घाट एके काळी अंटार्क्टिकाला चिकटलेला होता आणि हा समुद्र अस्तित्वातच नव्हता. आज शाळेतली मुले हे पाठ करून मार्क मिळवतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे काही बोलणाऱ्याला मोठमोठे प्राध्यापक हसत होते. ज्यांना ते हसले ते आल्फ्रेड वेगेनर. त्यांचे म्हणणे खरे ठरवणारा पुरावा मात्र समुद्राच्या तळाशी, त्यातही बराचसा ध्रुवाकडच्या पाण्याखाली पडून होता, आणि तो वर येईपर्यंत ते जिवंत नव्हते.

मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा साधा इंजिनिअर. भूगर्भशास्त्राचा एक पेपर दिला होता, तेवढेच शिक्षण. पण कोत्तवलसा-किरंदुल लाईनवर काही वर्षे रुळांची देखभाल केली, त्यामुळे दगडांशी रोजचा संबंध आला आणि या माणसाची ओळख झाली.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक आणि प्राचीन भाषांचे शिक्षक. पाच भावंडांत आल्फ्रेड शेंडेफळ. बर्लिन विद्यापीठात त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण दुर्बिणीपाशी बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते हवामानशास्त्राकडे वळले. वरच्या हवेची मोजमापे घेण्यासाठी त्या काळी पतंग आणि फुगे सोडत. एप्रिल १९०६ मध्ये आल्फ्रेड आणि त्यांचा भाऊ कुर्ट असे दोघे फुग्यात बसून सलग बावन्न तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

त्याच वर्षी ते एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले. ईशान्य ग्रीनलंडचा किनारा नकाशावर आणण्याचे काम होते. वेगेनर यांनी तिथे हवामान केंद्र उभारले, कुत्र्यांची घसरगाडी हाकायला शिकले. त्या मोहिमेचे प्रमुख मिलियस-एरिकसन आणि त्यांचे दोन सहकारी १९०७ मध्ये उपासमार आणि थंडीने दगावले. बर्फाच्या कामात वेळेवर शिधा पोहोचला नाही तर काय होते, हे वेगेनर यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच पाहून घेतले होते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे ते महत्त्वाचे आहे.

परतल्यावर मारबुर्ग विद्यापीठात शिकवत असताना, १९१० च्या अखेरीस, एका मित्राला मिळालेला नवा नकाशासंग्रह ते चाळत होते. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतो, हे त्यांच्या नजरेत भरले. ही गोष्ट त्यांच्या आधीही काहींना दिसली होती. वेगेनर यांचे वेगळेपण असे की त्यांनी हे दिसणे तिथेच सोडले नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या वाचनात आले की ब्राझील आणि आफ्रिकेत एकाच जातीच्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. मेसोसॉरस नावाचा एक छोटा सरडेवजा प्राणी तर फक्त या दोनच ठिकाणी सापडतो, आणि अटलांटिक पोहून जाण्याची त्याची ताकद नव्हती.

त्या वेळचे शास्त्रज्ञ यावर सांगत की दोन्ही खंडांमध्ये पूर्वी जमिनीचा पूल होता आणि तो नंतर समुद्रात बुडाला. वेगेनर यांनी इथे इंजिनिअरला पटेल असा प्रश्न विचारला. खंडांचा खडक हलका, समुद्रतळाचा जड. लाकडाचा ओंडका पाण्यावर तरंगावा तसे खंड खालच्या जड थरावर तरंगतात. मग हलका पूल बुडेल कसा? या तरंगण्याच्या कल्पनेचा उगम आपल्याकडचा आहे. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाकडे ओळंबा जितका ओढला जायला हवा होता तितका तो ओढला जात नाही असे आढळले. एवढ्या मोठ्या पर्वताचे वजन गेले कुठे, या शोधातून पर्वतांना खाली हलकी मुळे असतात हा विचार १८५५ च्या सुमारास पुढे आला. आमच्या क्षेत्रात पाच-सहा सेकंदांची कोनातली चूक बहुतेक लोक पेन्सिलीने मिटवून टाकतात. त्या लोकांनी ती मिटवली नाही, हे मला फार मोठे वाटते.

पूल बुडू शकत नसेल तर एकच शक्यता उरते, की खंडच एकमेकांपासून दूर गेले. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टला भूवैज्ञानिकांच्या सभेत वेगेनर यांनी हे जाहीरपणे मांडले. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि भूवैज्ञानिक तर मुळीच नव्हते.

दक्षिणेकडच्या एकत्रित खंडाला गोंडवनभूमी हे नाव वेगेनर यांच्या आधीपासून होते, आणि ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेले आहे. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या मंडळींना माहीत असेल, तिथल्या कोळशाच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. हीच पाने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथेही मिळतात. १९१२ मध्येच, दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तंबूजवळ शोधपथकाला सोळा किलो दगड सापडले. मरणाच्या दारातही त्या लोकांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. म्हणजे चंद्रपूरचे झाड अंटार्क्टिकातही वाढत होते. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईजवळचे, प्राचीन हिमनदीने ओरखडलेले खडक आणि ओडिशातल्या तालचेरचे हिमनदीने आणून टाकलेले गोटे एकोणिसाव्या शतकातच ओळखले गेले होते. आजच्या उन्हाळ्यात तालचेरला उभे राहून पाहावे, म्हणजे बर्फाची कल्पना किती अशक्य वाटते ते कळेल! भारत त्या काळी दक्षिण ध्रुवाजवळ होता असे मानले की हे कोडे सुटते.

व्याख्यानानंतर काही महिन्यांतच वेगेनर पुन्हा ग्रीनलंडला गेले. या वेळी डॅनिश अधिकारी कोख यांच्यासोबत, आइसलँडची तट्टे घेऊन. चौघांनी बर्फाच्या पठारावर हिवाळा काढला आणि १९१३ च्या उन्हाळ्यात ग्रीनलंड पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केले. वाटेत कोख कपारीत पडून त्यांचा पाय मोडला होता. शेवटी शिधा संपला, सोबतचा कुत्राही खावा लागला, आणि अगदी अखेरच्या घडीला एका पाद्र्याची होडी दिसली म्हणून ते वाचले. घरी आल्यावर त्यांचे एल्से कोपेन यांच्याशी लग्न झाले. सासरे व्लादिमिर कोपेन म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात ज्यांचे हवामान-वर्गीकरण आपण शिकलो तेच. (जाता जाता सांगतो : वेगेनर यांची मुलगी लोटे हिचे लग्न पुढे गिर्यारोहक हाइनरिख हारर यांच्याशी झाले. तिबेटमधल्या सात वर्षांवर पुस्तक लिहिणारे तेच हारर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना पकडले, तेव्हा डेहराडूनला नेण्याआधी काही काळ अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या छावणीत ठेवले होते. हे सासरे हयात नसतानाचे.)

पहिल्या महायुद्धात वेगेनर पायदळात अधिकारी होते. दोनदा जखमी झाले. त्या आजारपणाच्या रजेत त्यांनी आपले मुख्य पुस्तक लिहिले. खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचे ते जेमतेम शंभर पानांचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले. पुढे १९२०, १९२२ आणि १९२९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. प्रत्येक आवृत्तीत त्यांनी नवे पुरावे घातले, जुने तपासले.

विरोध मात्र वाढतच गेला. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला या विषयावर परिसंवाद झाला, त्यात अनेक बड्या भूवैज्ञानिकांनी कल्पना झिडकारली. वेगेनर हवामानवाले, त्यांना दगडातले काय कळते, असाही सूर होता. आमच्या खात्यात डिप्लोमावाल्याने काही सुचवले की कधी कधी असाच सूर ऐकू येतो, म्हणून मला तो ओळखीचा वाटला. पण न्यायाने बोलायचे तर विरोधकांचे सगळेच चूक नव्हते. खंड सरकायला ताकद कुठून येते, याचे वेगेनर यांचे उत्तर कमकुवत होते. पृथ्वीच्या फिरण्यातून येणारा जोर आणि चंद्र-सूर्याची भरती-ओहोटीची ओढ, असे त्यांनी सुचवले. हे जोर लाखो पटींनी कमी पडतात, हे इंग्लंडच्या जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले.

दुसरी गोष्ट मोजमापाची. ग्रीनलंडचे रेखांश १८२३, १८७० आणि १९०७ मध्ये मोजले गेले होते. त्यांतल्या फरकावरून वेगेनर यांना वाटले की ग्रीनलंड युरोपपासून दरवर्षी कित्येक मीटर दूर जात आहे. प्रत्यक्षात तो वेग वर्षाला दोन सेंटीमीटरच्या आसपास आहे. चंद्रावरून रेखांश काढायच्या जुन्या पद्धतीतच त्याहून कितीतरी मोठी चूक असायची. माझ्या मते वेगेनर यांच्या मांडणीतला हाच सर्वांत कच्चा भाग होता. ज्या उपकरणाची चूक मोजायच्या वस्तूपेक्षा मोठी आहे त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण पाने, प्राणी, हिमनद्या आणि डोंगररांगा यांची जुळणी मात्र पक्की होती, आणि विरोधकांनी ती कधी नीट खोडली नाही.

खरी अडचण वेगळीच होती. खंड दूर गेले असतील तर मधल्या समुद्राच्या तळावर त्याची खूण असणार. पण तो तळ कोणी पाहिला होता? त्या काळी खोली मोजायची म्हणजे तारेला वजन बांधून कित्येक किलोमीटर खाली सोडायचे. जर्मनीच्याच मेटिऑर जहाजाने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये आवाजाच्या प्रतिध्वनीने खोली मोजत फेऱ्या मारल्या आणि मधली डोंगररांग नीट दाखवली. मात्र त्या डोंगराचा अर्थ लागायला अजून चाळीस वर्षे होती.

१९२४ मध्ये वेगेनर यांना ऑस्ट्रियात ग्राझ येथे प्राध्यापकी मिळाली. त्याच वर्षी सासऱ्यांसोबत लिहिलेले, पृथ्वीच्या प्राचीन हवामानावरचे पुस्तक निघाले. चाळिशी ओलांडलेली, घरात तीन मुली, कायमची नोकरी. आपल्यासारखा माणूस इथे स्थिरावला असता. पण ग्रीनलंडच्या बर्फाची जाडी किती आणि त्या पठारावर वर्षभर हवामान कसे असते, हे प्रश्न त्यांना सोडत नव्हते. १९२९ मध्ये चाचणी दौरा झाला. बर्फात स्फोट करायचा, तळाच्या खडकावरून परत येणारा हादरा नोंदवायचा आणि लागलेल्या वेळेवरून जाडी काढायची, ही पद्धत त्यात वापरून पाहिली. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली ओळखावी तसेच हे. याच तत्त्वावर पुढे जहाजांनी समुद्रतळाखालच्या गाळाचे थर मोजले.

मुख्य मोहीम १९३० ची. सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशावर तीन ठाणी उभारायची योजना होती : पश्चिम किनारा, पूर्व किनारा आणि बरोबर मध्ये, किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत, तीन हजार मीटर उंचीवर ‘आइसमिटे’, म्हणजे बर्फमध्य. हा भाग मी रेल्वेवाल्याच्या नजरेने वाचला आणि वाचताना अंगावर काटा आला, कारण ही सगळी गोष्ट मटेरियल वेळेवर न पोहोचण्याची आहे.

पश्चिमेच्या खाडीत बर्फ गोठलेलाच राहिला आणि सामान उतरवायला अडतीस दिवसांचा उशीर झाला. ग्रीनलंडचा उन्हाळाच मुळात किती असतो? त्यातले अडतीस दिवस गेले. टनावारी सामान तट्टांच्या आणि माणसांच्या पाठीवरून हिमनदी चढवून वर न्यायचे होते. जुलैअखेर योहानेस गेओर्गी यांनी आइसमिटेला ठाणे सुरू केले, पण कुत्र्यांच्या गाड्यांनी तिथे थोडे थोडेच सामान पोहोचत होते. भरवसा होता तो विमानाच्या इंजिनावर आणि पंख्यावर चालणाऱ्या दोन मोटार-घसरगाड्यांवर. त्या निम्म्या वाटेवर ताज्या भुसभुशीत बर्फात आणि समोरच्या वाऱ्यात अडकल्या आणि पुढे गेल्याच नाहीत. नवे यंत्र थेट मुख्य कामाला लावले की काय होते, हे आमच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आइसमिटेहून निरोप आला होता की २० ऑक्टोबरपर्यंत शिधा-रॉकेल आले नाही तर गेओर्गी आणि झोर्गे हे दोघे ठाणे सोडून पायी निघतील. हिवाळ्याच्या तोंडावर चारशे किलोमीटर पायी म्हणजे मरणच. वेगेनर मोहिमेचे प्रमुख होते. त्यांनी कोणाला तरी पाठवले असते तरी चालले असते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः निघाले, सोबत फ्रिट्झ लोवे आणि तेरा ग्रीनलंडी साथीदार, पंधरा गाड्या. थंडी इतकी वाढली की साथीदार टप्प्याटप्प्याने मागे फिरले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तो बर्फ त्यांना जास्त कळत होता. शेवटी एकच तरुण उरला, रासमुस विलुमसेन. सामान वाटेत टाकत टाकत, चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला तिघे आइसमिटेला पोहोचले. ज्या शिध्यासाठी निघाले होते तो जवळजवळ काहीच हातात नव्हता. वाटेत पारा उणे पन्नासच्या खाली गेला होता.

तिथे पाहतात तर दोघांनी निघण्याचा बेत सोडून दिलेला. बर्फात गुहा खोदून, शिधा मोजूनमापून हिवाळा काढायचे त्यांनी ठरवले होते. पण हे कळवायला बिनतारी यंत्रच नव्हते. एक छोटा संच असता तर हा सगळा प्रवास टळला असता. आज आम्ही ब्लॉक घेताना दर पाच मिनिटांनी वॉकीटॉकीवर बोलतो, तेव्हा हा प्रसंग मला हमखास आठवतो.

लोवे यांच्या पायाची बोटे गोठून काळी पडली होती. गेओर्गी यांनी ती खिशातल्या चाकूने आणि पत्रा कापायच्या कात्रीने, भूल न देता कापली. लोवे वाचले, आणि पुढे मेलबर्नला त्यांनी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. पाच जणांना पुरेल इतके अन्न मात्र गुहेत नव्हते. दोन रात्रींच्या विश्रांतीनंतर, १ नोव्हेंबर १९३० रोजी, वेगेनर आणि विलुमसेन दोन गाड्या आणि सतरा कुत्रे घेऊन परत निघाले. त्या दिवशी वेगेनर यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

ते पश्चिमेच्या ठाण्यावर पोहोचले नाहीत. तिथल्यांना वाटत राहिले की ते आइसमिटेलाच थांबले असतील, आणि आइसमिटेवाल्यांना वाटत राहिले की ते सुखरूप पोहोचले असतील. सहा महिने असेच गेले. १२ मे १९३१ रोजी जवळपास निम्म्या वाटेवर, बर्फात उभ्या रोवलेल्या दोन स्कींच्या मध्ये वेगेनर यांचा देह सापडला. झोपायच्या पिशवीच्या खोळीत नीट शिवून ठेवलेला. बहुधा अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे. हे सगळे विलुमसेनने एकट्याने, काळोख्या थंडीत केले होते. वेगेनर यांची डायरी घेऊन तो पुढे निघाला. तो आणि ती डायरी आजपर्यंत सापडलेली नाही. वेगेनर यांचे नाव सगळीकडे आहे, संस्थांना आहे, चंद्रावरच्या विवराला आहे. विलुमसेनचे नाव मात्र फारसे कुणाला माहीत नसते, म्हणून इथे मुद्दाम दोनदा लिहितो : रासमुस विलुमसेन, वय सुमारे तेवीस.

भावाने, म्हणजे कुर्ट यांनी, मोहीम पूर्ण केली. आइसमिटेच्या तिघांनी हिवाळा काढला, नोंदी केल्या. मध्यभागी बर्फ अडीच हजार मीटरहून जाड असल्याचे मोजले गेले. वेगेनर यांचा देह तिथेच ठेवला. त्यावर उभारलेला लोखंडी क्रॉसही कधीच बर्फाखाली गेला.

आता समुद्राकडे वळतो. पाणबुड्या शोधण्यासाठी विकसित झालेली चुंबकमापक यंत्रे युद्धानंतर संशोधकांच्या हाती आली. जहाजामागे लांब दोरीने ती ओढत नेली की तळाच्या खडकाचे चुंबकत्व कागदावर उमटते. मधल्या डोंगररांगेत फट पडते, लाव्हा वर येतो, थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. पृथ्वीचे चुंबक अधूनमधून उलटे होते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सारखेच पट्टे उमटायला हवेत. हे अनुमान १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी मांडले, आणि त्यांची मुख्य मोजणी होती आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेकडच्या कार्ल्सबर्ग रांगेवरची. पण तीही शंकेखोरांना पुरेशी वाटली नाही.

ती शंका मिटली दक्षिणेकडे. बर्फाळ समुद्रासाठी बांधलेले ‘एल्टानिन’ हे अमेरिकी मालवाहू जहाज १९६२ पासून अंटार्क्टिकाभोवती संशोधनाला वापरत होते. पॅसिफिक आणि अंटार्क्टिक पट्ट यांच्यामधल्या रांगेवरून १९६५ मध्ये ते गेले. त्याच्या एकोणिसाव्या फेरीचा कागद वॉल्टर पिटमन नावाच्या विद्यार्थ्यापुढे आला. रांगेच्या मध्यापासून कागद उलटा धरला तरी तोच दिसत होता. डावी बाजू म्हणजे उजवीचे प्रतिबिंब! तळ दोन्ही बाजूंना वर्षाला सुमारे साडेचार सेंटीमीटरने पसरत होता. पिटमन आणि हाइर्ट्झलर यांनी हे डिसेंबर १९६६ मध्ये प्रसिद्ध केले आणि दोन-तीन वर्षांतच बहुतेक भूवैज्ञानिकांनी मत बदलले. वेगेनर यांना जी ताकद सापडली नव्हती तिचाही अंदाज आला : खंड समुद्रतळ नांगरत जात नाहीत. तळासकट संपूर्ण पट्टच पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने सरकतो.

ध्रुवाकडचे पाणीच इतके उपयोगी का पडले? अंटार्क्टिकाला जवळजवळ चहूबाजूंनी अशा पसरत्या रांगांनी वेढले आहे. आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया तिथूनच सुटून गेले. आमच्या भाषेत ते मूळ जंक्शन, आणि कोणती गाडी कधी सुटली याची नोंद तिथल्या तळावर आहे. आपल्या बाजूला मात्र ही नोंद वाचणे कठीण. गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालय किसून आणलेला गाळ बंगालच्या उपसागरात इतका साठला आहे की उत्तरेकडे त्याची जाडी पंधरा किलोमीटरच्या वर जाते, आणि मूळ तळ त्याखाली गाडला गेला आहे. म्हणून भारत आणि अंटार्क्टिका केव्हा वेगळे झाले हे शोधताना शास्त्रज्ञ समोरच्या किनाऱ्याकडे, अंटार्क्टिकाजवळच्या एन्डरबी खोऱ्याकडे जातात. तिथे बर्फ चुकवत जहाज न्यायचे, मागे किलोमीटर-किलोमीटर लांबीची ध्वनिग्राहकांची दोरी ओढायची, दाबाखालच्या हवेचे धमाके करत गाळाचे थर आणि चुंबकाचे पट्टे टिपायचे. हिमनग दोरीवर आला तर सगळे गुंडाळावे लागते, आणि काम करता येते ते उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांतच. या सगळ्या मोजणीतून सुटण्याची वेळ साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वीची येते.

अनंतगिरी घाटातल्या आमच्या कटिंगमध्ये जो तांबूस, पावसात भुसभुशीत होऊन निसटणारा दगड दिसतो त्याला खोंडलाइट म्हणतात. ओडिशाच्या खोंड आदिवासींवरून ते नाव पडले, जसे गोंडांवरून गोंडवन. पावसाळ्यात रात्री-अपरात्री पेट्रोलिंगला ट्रॅकमन जातात ते याच दगडाच्या धास्तीने. पूर्व घाटातल्या या खडकांचे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उष्णतेने भाजून निघालेले भाऊबंद अंटार्क्टिकाच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. तालचेरच्या कोळशाची खोरी जुन्या नकाशावर पुढे नेली तर अंटार्क्टिकातल्या लँबर्ट हिमनदीच्या खोऱ्याला जाऊन मिळते, आणि तिथेही त्याच काळाचा कोळसा आहे. भारताचे ‘भारती’ ठाणे २०१२ पासून त्याच भागात, प्रिड्झ उपसागराच्या काठी उभे आहे. त्याचे कामकाज पाहणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती.

जर्मनीने १९८० मध्ये ब्रेमरहाफेनला ध्रुवीय संशोधन संस्था काढली, तिला वेगेनर यांचे नाव दिले. तिचे बर्फफोडे जहाज ‘पोलारस्टर्न’ १९८२ पासून दोन्ही ध्रुवांकडे फिरते आहे. २००१ मध्ये ते एका अमेरिकी जहाजाबरोबर आर्क्टिकच्या बर्फाखालच्या गाकेल रांगेवर गेले. ती वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर पसरते, तरीही तिथे ज्वालामुखी आणि उष्ण पाण्याचे झरे यांच्या खुणा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळाल्या. २००४ मध्ये उत्तर ध्रुवापासून अडीचशे किलोमीटरवर तीन जहाजांनी मिळून समुद्रतळात चारशे मीटरच्या वर भोक पाडले, त्या गाळात सापडला अझोला. आपल्याकडे शेतकरी गुरांच्या खाद्यासाठी हौदात वाढवतात तोच, गोड्या पाण्यावर तरंगणारा. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर त्याची हिरवी साय होती.

आणि २०१७ मध्ये पोलारस्टर्न पश्चिम अंटार्क्टिकाच्या आमुंडसेन समुद्रात गेले. जहाजावरून तळावर उतरवलेल्या ड्रिलने काढलेल्या नळीत, तळाखाली सुमारे तीस मीटरवर, वेगळ्याच रंगाचा थर लागला. बंदरावर आणून क्ष-किरणांनी पाहिले तर त्यात मुळांचे दाट जाळे होते, जागच्या जागी. सोबत परागकण आणि बीजाणू. नऊ कोटी वर्षांपूर्वी, वर्षातले चार महिने काळोख असलेल्या त्या जागी, दलदलीचे दाट जंगल उभे होते. हा निष्कर्ष २०२० मध्ये छापून आला. वेगेनर आणि त्यांच्या सासऱ्यांनी १९२४ च्या पुस्तकात कोळसा, मीठ आणि हिमनद्यांच्या खुणांवरून प्राचीन हवामानाचे नकाशे काढले होते, तेव्हा समुद्राखालून असा एक हातभर गाळही त्यांच्यापाशी नव्हता.